एकशे चार सेल

"ह्यो ठिवू का, अब्बा?"

अर्शीनं सेल पुढं केला. दिलदारनं त्याला मीटर लावला. आठ दिवसांपूर्वी पूर्ण चार्ज करून ठेवलेला सेल बराच उतरला होता.

"ह्यो न्हाय. भंगारात टाक."

राजारामपुरीतल्या त्याच्या दुकानात यूपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्तीला येत. गेले दोन आठवडे मात्र तो निकामी लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यातले बोटाएवढे लिथियम सेल तपासत होता. तेरा ओळी, ओळीत आठ, असे एकशे चार चांगले सेल त्याला हवे होते. ते जोडून त्याच्या बायकोच्या, कुलसुमच्या, इलेक्ट्रिक दुचाकीची बॅटरी होणार होती.

कुलसुम कळंब्याला अंगणवाडी सेविका होती. गाडीला लायसन लागत नाही, म्हणून २००७ साली तिनं ती घेतली. दीड वर्षात तिच्या शिशाच्या जड बॅटऱ्या निकामी होत आल्या. चढाला गाडी मरायची.

"हलकी ब्याटरी करून देतो की," दिलदार म्हणायचा. "जरा काम कमी होऊ दे."

मे महिन्यात गाडी चढावर बंद पडली. भर दुपारी तिनं ती ढकलत घरी आणली. संध्याकाळी छातीत दुखायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप आधीपासूनच खराब होती. गाडी ढकलल्याचं त्यानं डॉक्टरांना सांगितलं नाही. दफन झालं, चाळिसावा झाला. दिलदार रडला नाही. भूक लागली की जेवायचा.

"ही गाडी इकूया, अब्बा," अर्शी म्हणाली होती.

"ब्याटरी झाल्यावर बघू."

एकशे चार सेल जमले. त्यानं निकेलच्या पट्ट्या एकेक करून वेल्ड केल्या, संरक्षणाचं सर्किट बसवलं, सगळं पत्र्याच्या डब्यात घातलं. "जुना चार्जर लावू नको हिला," एवढं त्यानं अर्शीला दोनदा सांगितलं.

रविवारी सकाळी तो गाडी घेऊन एकटाच निघाला. कळंब्याच्या वाटेवरचा तोच चढ आला. गाडी जराही न कुरकुरता वर गेली. वर एक चहाची टपरी होती. तिथं त्यानं उगाच ब्रेक लावला.

टपरीवाली बायडाबाई गाडीकडं बघत म्हणाली, "ही अंगणवाडीच्या बाईंची गाडी न्हवं?"

"व्हय. मी मालक त्यांचा."

"रोज हितं टेकायच्या. गाडी दमलीया, म्हणायच्या. गाडी दमायची का त्याच, कुणाला ठावं." तिनं स्टोव्हला पंप मारला. "आमचं मालक नवी ब्याटरी करनार हाईत, म्हणायच्या. लई दिसांत आल्या न्हाईत त्या?"

"न्हाईत आता त्या."

बायडाबाईचा हात पंपावर थांबला. तिनं फळीखालचं स्टूल ओढून त्याच्यापुढं ठेवलं.

"बसा पावणं. गाडी तापली आसंल."

दिलदारनं डब्यावर हात ठेवला. डबा गार होता.

"व्हय," तो म्हणाला, आणि बसला.