तिसऱ्या फळीतला खिळा

पाय ठेवा, पण जरा जपून. मी लाकडी ढाळ बोलतोय, यावलच्या केळीच्या वखारीतला. आज माझ्या तिरप्या फळ्यांवरून हमाल घड ट्रकात चढवतात. पण माझा जन्म काही हमालीसाठी झाला नव्हता हो!

मला घडवलं खाजा मिस्त्रीने, सुकलालसाठी. सुकलाल सातपुड्याच्या पायथ्याचा सत्तावीस वर्षांचा गडी. दिवसभर वखारीत घड वाहायचा, पहाटे धावायचा. परदेशात छपराखाली होणाऱ्या आशियाई स्पर्धेत, तीन हजार मीटरसाठी त्याचं नाव लागलं. तिथल्या ट्रॅकची वळणं तिरपी, आतली कड खाली आणि बाहेरची वर. अशा वळणावर तो जन्मात धावला नव्हता. मेडल आलं तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी, नाही तर आयुष्यभर घड. या वयात पुन्हा नाव लागणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मिस्त्रीने मोबाइलवर वळण बघितलं आणि जुन्या फळ्या ठोकून तसंच तिरपं वळण, म्हणजे मला, वखारीत उभं केलं. काय ऐट होती माझी! पण माझ्या तिसऱ्या फळीत, आतल्या कडेला, एका खिळ्याचं डोकं वर राहिलं.

"चाचा, हाऊ खिळा पायले लागस," सुकलाल म्हणाला.

"आज जुम्मा आहे रे. उद्या ठोकतो."

"ऱ्हाऊ द्या. मी आतूनच निंघी जास."

मिस्त्रीचा उद्या काही उजाडला नाही. चार महिने सुकलाल माझ्यावरून पळाला आणि प्रत्येक फेरीला तिसऱ्या फळीपाशी डावा पाय खाली, आतल्या जमिनीवर टाकून पुढे गेला. मी मेला बघत राहिलो. मला काय ठाऊक, पायालाही सवय लागते म्हणून!

शर्यतीच्या दिवशी सगळे हमाल माझ्यावरच बसले होते, मोबाइल मधे ठेवून. पंधरा फेऱ्या. शेवटच्या फेरीत सुकलाल तिसरा आला! मिस्त्री तर लहान पोरासारखा नाचला.

मग पडद्यावर निकाल आला. त्यात सुकलालचं नावच नव्हतं. वळणावर पाय आतल्या रेघेपलीकडे एकदा गेला तर माफी, दुसऱ्यांदा गेला की बाद. त्याचा गेला होता चार वेळा. पडद्यावर तो पाय पुन्हा पुन्हा दाखवत होते. मिस्त्रीने तो पाय पाहिला, मग माझी तिसरी फळी पाहिली, आणि तडक आत गेला. आला तो हातोडा घेऊनच. खिळा उपटून फेकला त्याने. बैल गेला नि झोपा केला!

आठवड्याने सुकलाल परतला.

"माझ्यामुळे झालं बेटा," मिस्त्री रडत म्हणाला.

"तुमनामुळे नही चाचा. ऱ्हाऊ द्या, असं मीच बोलनू व्हतू."

त्यानंतर तो धावला नाही. मला कापून सरळ केलं आणि ट्रकाला लावलं. आता खांद्यावर घड घेऊन तो रोज माझ्यावरून चढतो. माझी तिसरी फळी आली की त्याचा डावा पाय अजून कडेला सरकतो, अगदी पडता पडता वाचतो. खिळा कधीच गेलाय, नुसतं भोक उरलंय. मला वाचा नाही. तुम्ही वखारीत आलात तर एवढं सांगा त्याला, सुकलाल, सरळ चाल बाबा, आता तिथे काही नाही.