प्रीतमच्या हातातला दोर

माह्या प्रीतमले सारं गाव झोपाळू म्हने. शाळेत झोपे, जेवता जेवता झोपे. सोळा वर्साचा असा पोट्टा कोनाचा असते व बाई? रात्री मात्र घोरून घोरून घर डोक्यावर घे. मधीच घोरनं बंद, श्वासही बंद, अन मंग एकदम दचकून हापके.

मी त्याले भंडाऱ्याच्या डाक्टरकडं नेलं. त्यानं तोंडात बत्ती मारून मलेच दाखवलं. गळ्यात दोन्हीकडून टॉन्सिल आवळ्याएवढे फुगलेले, नाकाच्या मागंही मास वाढलेलं, वरून जबडा लहान. "झोपला का श्वासाची वाटच बुजते," डाक्टर म्हनला. "रात्रभर जीव झगडते, मंग दिवसा डोळा लागनारच. ऑपरेशन करा."

घरी सांगतलं तं नवरा माहा, बाबुलाल, उसळलाच. "गळा कापला का आवाज जाते. मासे धरनाऱ्या ढिवराच्या पोराले आवाज नसन तं तलावाच्या पल्याड हाक कोन देइन? अन घोरनं बिमारी असते काय? आळस भरला आहे अंगात. जिम्मेदारी पडली का झोप पळते."

जिम्मेदारी दिली तं कायची, दोराची! आमच्या तलावात बुडलेल्या झाडाची खुटं आहेत, जाळं त्यात अटकते. ते सोडवाले एक जन कमरेले दोर बांधून बुडी मारते, दुसरा डोंग्यात दोर धरून बसते. खालून झटका आला का वर ओढाचं. मी म्हनलं, दुसऱ्या कोनाले न्या. आयकन तो बाबुलाल कसला!

एक दिवस भर दुपारी बाबुलालनं बुडी मारली अन पाय जाळ्यात गुतला. काठावरून शेजारच्या नत्थूनं पाह्यलं, प्रीतम डोंग्यात मान टाकून घोरून राहिला होता, दोर हातातून सुटून पान्यात गेला होता. नत्थू पोहत पोचला तवा सारं संपलं होतं.

गाव म्हनते, पोरानं बापाले झोपेत मारलं. आग लागो त्यांच्या तोंडाले! मले तं मेलेल्या मानसाचाच राग येते, अन रडूही त्याच्यासाठीच येते.

तेरवी झाल्यावर मी प्रीतमचं ऑपरेशन करून घेतलं. आवाज काही गेला नाही. आता पोट्टा दिवसभर टक्क जागा असते. काल चुलीजवळ येऊन बसला.

"माय, मी आळशी नव्हतो ना व?"

"नाही रे माह्या लेकरा."

"मंग हे बाबाले कोन सांगन?"