मुलगी, जिवंत, नऊ वाजून चार

"सिस्टर, इथं 'मृत जन्म' लिहा आणि मोकळ्या व्हा," आमचे वैद्यकीय अधिकारी म्हणाले.

प्रसूतीचं रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं. सकाळीच मी त्यात लिहिलं होतं: मुलगी, जिवंत, नऊ वाजून चार. त्याखाली: मृत्यू, नऊ वाजून पंधरा.

"साहेब, ती रडली होती."

"एवढंसं रडणं कोण धरतं? या तिमाहीतला हा सहावा बालमृत्यू होईल. वरच्या बैठकीत मान मला खाली घालावी लागते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाळाच्या तोंडावर बसेल असा छोटा मास्क हवा म्हणून चार महिन्यांत मी तीन पत्रं लिहिली होती. उत्तरादाखल आलं काय, तर हात कसे धुवावेत याचं पोस्टर! त्या सकाळी मोठ्यांचा मास्क त्या एवढ्याशा तोंडावर दाबून मी अंबू बॅगच्या फुग्यानं श्वास देत होते आणि सगळी हवा कडेनं निसटत होती. पोटातच गेली म्हटलं, की मास्कचं कुणी नावच काढायला नको.

"मी खाडाखोड करणार नाही. तुम्ही करा, आणि शेजारी सही करा."

सही म्हणताच साहेबांनी पेन खिशात ठेवलं. "बदलीची तयारी ठेवा," म्हणून निघून गेले. असल्या धमक्यांना मी भीक घालत नाही. रजिस्टर मिटून मी कपाटात ठेवलं.

पुढच्या आठवड्यात माझ्या बदलीचा कागद आला. मास्क नाही आला.

त्याच दिवशी त्या बाळाची आई दाखल्यांसाठी सासूबरोबर आली. खिडकीतल्या कारकुनानं दोन कागद सरकवले, एक जन्माचा, एक मृत्यूचा.

"जगलीच नाही, तिचा जन्मदाखला काय करायचाय? चल गं घरी," सासू म्हणाली.

ती हलली नाही. मला पाहून म्हणाली, "सिस्टर, घरी सगळे म्हणतात मला भास झाला. रडली होती ना हो?"

"रडली होती. मी ऐकलंय."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग जन्माच्या दाखल्यावर बोट ठेवून कारकुनाला विचारलं, "दादा, इथं नावाची जागा रिकामी आहे. आता लिहिता येईल?"

एरवी कुणावरही खेकसणाऱ्या त्या माणसानं मुकाट्यानं पेनाचं टोपण काढलं. "सांगा, ताई."

ती खिडकीशी वाकली आणि हळूच काहीतरी बोलली. मला ते ऐकू आलं नाही.