आत्याच्या काचनळ्या

विद्यापीठाला माझ्या आत्याची आठवण झाली, तीही तिला धड दिसेनासं झाल्यावर. शेवाळाच्या अभ्यासाचा पाया तिने घातला म्हणून जुन्या प्रयोगशाळेला तिचं नाव देणार होते. मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. आत्याला मात्र आभाळ ठेंगणं झालं, कारण तिचं शेवाळ तिथेच होतं.

ते जिथे सापडलं ते तळं विद्यापीठानेच बुजवून गाड्या लावायला जागा केली. आता ते फक्त तिच्या काचनळ्यांत उरलं होतं. जुन्या नळीतलं चिमूटभर शेवाळ तारेने उचलून अधूनमधून नव्या नळीत घालावं लागतं, नाहीतर मरतं. निवृत्तीनंतर तिची प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. विभाग नव्या इमारतीत गेला, नळ्या मागेच राहिल्या. त्या मिळाव्यात म्हणून आत्याने कुलसचिवांच्या ऑफिसचे उंबरे झिजवले. नियमात बसत नाही, एवढंच उत्तर.

"वाळलं असलं तरी तळाशी थोडं जिवंत असेल गं," समारंभाला निघताना ती म्हणाली. "फार चिवट आहे ते."

"तुझ्यासारखंच."

ती हसली. तार रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि चष्मा घरीच विसरली.

प्रयोगशाळेच्या भिंतींना नवा रंग होता. कुलसचिव लगबगीने आम्हाला एका काचेच्या कपाटापाशी घेऊन गेले. आत दिव्याखाली नळ्यांची रांग, आत्याच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. लखलखीत, रिकाम्या.

"मॅडम, एकही फुटू दिली नाही. आत हिरवं काहीतरी चिकटलेलं, घासून निघेना. शेवटी ॲसिडमध्ये बुडवल्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तोच आत्याने माझा दंड धरला. "कपाट उघडा जरा," ती म्हणाली.

तिने तार काढली आणि पहिल्या नळीचा तळ खरवडला. मग दुसरीचा. लोकांना वाटलं, बाई प्रात्यक्षिक दाखवतायत. टाळ्या पडल्या. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, परत एकदा, इकडे बघून." मला रडू फुटायचं बाकी होतं. ती शेवटच्या नळीपर्यंत गेली आणि तार माझ्यासमोर धरली.

"हिरवं दिसतंय का गं काही?"

खोटं बोलायला जीभ रेटेना. "नाही, आत्या."

तिने कोरडीच तार रुमालाने पुसली. कुलसचिवांनी माईक पुढे केला. "मॅडम, दोन शब्द बोला ना."

"नळ्या अगदी स्वच्छ धुतल्यात," आत्या म्हणाली आणि माईक परत दिला.