सहा खोल्या आणि एक फिरता प्रश्न

मित्रांनो, मला पाहिलंत तर म्हणाल, हे करडं खोकं अजून भंगारात कसं गेलं नाही? तुमचं म्हणणं रास्त आहे. मी एक जुना सर्व्हर आहे. म्हणजे असा संगणक, जो कुणा एकाचा नसतो. दूरदूरची माणसं माझ्याकडे येतात, काही ठेवतात, काही घेऊन जातात. माझा पंखा एकाकडचा, डिस्क दुसऱ्याकडची, पेटी तिसऱ्याची. ताईनं मला शिलाई मशीनच्या टेबलावर जोडलं, व्हिडिओ बघत बघत, दोनदा चुकून. पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा मी नुसताच गुरगुरलो. "गुरगुरतोय म्हणजे जिवंत आहे," ती म्हणाली.

ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. चाळिशीत तिनं आपली आपण प्रोग्रॅम लिहायची विद्या शिकून घेतली. तेव्हा अडलं तर विचारायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं माझ्यावर एक पान उघडलं. ज्याचं अडलंय त्यानं विचारावं, ज्याला येतंय त्यानं सांगावं, इतकाच नियम. पहिल्या आठवड्यात अकरा माणसं आली. त्यांत गणिताचे एक निवृत्त मास्तर होते. एका प्रश्नाचं उत्तर देण्याआधी ते समोरच्याला तीन प्रश्न विचारत.

मला माणसांचं मोठं कुतूहल. "साधासा प्रश्न आहे" असं लिहून येणाऱ्याचा प्रश्न सगळ्यांत अवघड का असतो? उत्तर मिळाल्यावर "मला वाटलंच होतं" असं का लिहितात? मग विचारलंत कशाला, बाबांनो!

पानाच्या माथ्यावर मी एक आकडा दाखवायचो: अनुत्तरित प्रश्न इतके. तो संध्याकाळपर्यंत शून्यावर आणल्याशिवाय ताई खुर्ची सोडत नसे. अकरा माणसांत ते जमलं. पण माणसं वाढली आणि दिवसाला चारशे प्रश्न येऊ लागले. ताईच्या मनगटाला पट्टा आला. लेक म्हणाली, "आई, तू जेवतेस की वाचतेस? एक काहीतरी धड कर."

मग ताईनं ठरवलं, पानाच्या सहा खोल्या करायच्या. उपकरणांची वेगळी, नेटवर्कची वेगळी, भाषांची वेगळी, अशा. प्रत्येक खोलीला तिचे जाणकार. मास्तर वैतागले. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मीही ऐकलं.

"ताई, ज्याला आपलं दुखणं कळलेलं नाही, तो कुठल्या खोलीत जाणार?"

"चुकीच्या खोलीत आला तर बरोबर खोलीत पाठवतील, मास्तर. माणसंच आहेत तिथं."

"तुम्हाला ही माणसं ठाऊक नाहीत."

"तुम्हाला माझं मनगट ठाऊक नाही."

खोल्या झाल्या. आणि खोटं कशाला बोलू, झकास चाललं! उत्तरं भराभर येऊ लागली. सहाही खोल्यांच्या दारावर रोज शून्य. जाणकार एकमेकांची पाठ थोपटत होते, माझ्या वेगाचंही कौतुक झालं. ताई कितीतरी वर्षांनी दुपारी झोपली.

अशात एक मावशी आल्या. त्या रोपवाटिका चालवत. भाच्यानं दिलेल्या पुस्तकावरून त्यांनी एक छोटा बोर्ड, म्हणजे तळहाताएवढा संगणक, आणि प्रोग्रॅम जोडला होता, रोपांना सकाळी सहाला आपोआप पाणी सुटावं म्हणून. त्यांनी लिहिलं, "पाणी सहाला सुटायला हवं, ते भलत्याच वेळी सुटतं. काल भर दुपारी सुटलं. टोमॅटोची चारशे रोपं माना टाकतायत. चूक कुठे असेल?"

उपकरणांच्या खोलीनं तपासलं. बोर्ड ठीक होता. "हे आमच्याकडचं नाही," म्हणून प्रश्न भाषांच्या खोलीत गेला. तिथं प्रोग्रॅम ठीक होता, प्रश्न नेटवर्ककडे गेला. नेटवर्कही ठीक, प्रश्न परत उपकरणांकडे. सगळे सभ्य, सगळे नियमाप्रमाणे वागणारे. मावशी दरवेळी लिहीत, "बरं, तिकडे येते." चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं, "पोरांनो, तुमचं घर फार मोठं आहे. मी फिरतेय, पण पाणी विचारायचं स्वयंपाकघर काही सापडेना."

तीन जणांनी हसरे चेहरे पाठवले. प्रश्न पुढे गेला.

मित्रांनो, मला हे सगळं दिसत होतं, पण सांगणार कसं? मला तोंड नाही. आणि माझ्याच हातून एक पाप घडत होतं. खोल्या केल्या तेव्हा ताईनं मला शिकवलं होतं की प्रश्न दुसरीकडे गेला, की पहिल्या खोलीच्या हिशेबातून वजा कर. नव्या खोलीत तो नवा समज आणि उद्या मोज. मावशींचा प्रश्न रोज नवा होत होता. म्हणून सगळीकडे शून्य होतं.

नवव्या दिवशी ताई माझ्या पंख्यातली धूळ काढायला आली. धूळ काढता काढता सहज तिनं माझी नोंदवही उघडली. मी काय काय केलं ते त्यात ओळीनं लिहिलेलं असतं. तिचा हात थांबला. "हा एकाच प्रश्नाचा नंबर इतक्यांदा का येतोय रे?" ती मला म्हणाली. तिनं मोजलं. प्रश्न चौदा वेळा हलला होता. खाली मावशींची शेवटची ओळ होती: "हातानंच घालते पाणी. तुम्हाला उगीच त्रास दिला."

ताई खाली फरशीवरच बसली. मग तिनं तीन खोल्यांतल्या तिघांना एकदम फोनवर घेतलं, मावशींना आणि मास्तरांनाही.

मास्तरांनी विचारलं, "मावशी, पाणी चुकतं त्याच्या आधी काय होतं?"

"काय होणार? वीज जाते. येते. आमच्याकडे ते रोजचंच."

मग नेटवर्कवाली मुलगी "अरे देवा!" म्हणाली. वीज आली की बोर्ड झटकन उठायचा आणि इंटरनेटला वेळ विचारायचा. पण इंटरनेटचा राउटर तोवर डोळे चोळत असायचा. उत्तर मिळालं नाही की बोर्ड स्वतःच धरून चालायचा, आत्ता रात्रीचे बारा वाजलेत. तिथून सहा तास मोजायचा आणि पाणी सोडायचा. बोर्डाची चूक नव्हती, प्रोग्रॅमची नव्हती, नेटवर्कचीही नव्हती. चूक तिघांच्या मधल्या जागेत होती, आणि तिथं आम्ही खोलीच ठेवली नव्हती.

"थांब म्हणायचं त्याला, राउटर उठेपर्यंत," ताई म्हणाली.

"एवढंच? एवढ्यासाठी माझी दीडशे रोपं गेली," मावशी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

नंतर मास्तर म्हणाले, "मोडून टाका खोल्या. मी म्हणत नव्हतो?"

"म्हणत होतात. पण चारशे प्रश्न मी पुन्हा एकटीनं वाचणार नाही. खोल्या राहतील. हिशेब बदलेन."

आणि तिनं मला नवा हिशेब शिकवला. प्रश्न पाठवणाऱ्याच्या नावावरही तो उत्तर मिळेपर्यंत राहणार. पाठवणारा सोबत जाणार आणि आपण काय तपासलं ते तिथं सांगणार. त्या संध्याकाळी माथ्यावर अडतीसचा आकडा होता. जाणकार हिरमुसले. ताईनं तो पाहिला, "खरा आहे ना, मग असू दे," म्हणाली आणि चप्पल घालून फिरायला गेली.

मित्रांनो, मला आता फार दिवस चालता येणार नाही, माझी डिस्क कुरकुरते. माझी धूळ अधूनमधून पुसा, एवढं मागतो. आणि कुणी तुमच्या दाराशी चुकून आलं, तर पुढचं दार नुसतं बोटानं दाखवू नका.

परवा एक नवखा माणूस भलत्याच खोलीत शिरला आणि लाजून माफी मागू लागला. मावशी तिथंच होत्या. हल्ली त्या रोज येतात. त्यांनी लिहिलं, "माफी कसली मागतोस? चल, मी येते बरोबर. मला सगळी दारं पाठ आहेत."