मिसेस क्रेल प्रकरणाची चौकशी

कच्चा निष्कर्ष

निष्कर्ष खांबेट्यांनी आधीच काढून ठेवला होता. हाताखालच्या कुणी चौकशीआधी निष्कर्ष काढला असता, तर त्याला त्यांनी चांगलं फैलावर घेतलं असतं. पण इथे मामला घरचा होता.

निष्कर्ष असा: मधुवंतीने अकरावीत पाचवा विषय म्हणून कॉम्प्युटर घ्यावा, इंग्रजी साहित्य घेऊ नये. इंग्रजी तिला येतं. साहित्य निवृत्तीनंतरही वाचता येतं. शनिवारी शाळेत पालकांना बोलावलं होतं, तिथे जाऊन हे सांगायचं आणि प्रकरण मिटवायचं.

प्रकरणं मिटवणं हाच शरद खांबेट्यांचा धंदा. रेल्वेच्या सुरक्षा विभागात अधिकारी. कोलकात्यात गार्डन रीचला ऑफिस, तिथल्या रेल्वे कॉलनीतच घर. कुठे डबा रुळावरून उतरला की हे जाणार, साक्षी घेणार आणि शेवटी एका वाक्यात कुणाचं चुकलं ते लिहिणार. ते वाक्य लिहिल्याशिवाय फाइल बंद होत नाही.

"बाबा, एक तरी गोष्ट वाच आणि मग नाही म्हण," मधुवंती म्हणाली. तिने दहावीचं इंग्रजी गोष्टींचं पुस्तक त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"मला काय करायचंय वाचून?"

"हो ना," लीना आमटी वाढत म्हणाली, "आपले साहेब हल्ली घटनास्थळी न जाताच रिपोर्ट लिहितात."

हे वर्मी लागलं. खांबेट्यांनी डावा हात पुढे करून पुस्तक ओढलं.

घटनास्थळ

इंग्लंडातलं समुद्रकाठचं एक गाव. टेकडीवर मिसेस क्रेल नावाची विधवा राहते. रोज संध्याकाळी ती खिडकीत दिवा लावते. त्या दिव्याच्या अंदाजाने मासेमारी होड्या खडक चुकवून धक्क्याला येतात. वीस वर्षं हे चाललंय. मग एका संध्याकाळी ती दिवा लावत नाही. अंधारात बसून राहते. एक होडी खडकावर आपटून फुटते. माणसं पोहून वर येतात, कुणी मरत नाही. सकाळी सगळा गाव तिच्या दारात येतो. ती त्यांना आत घेते, चहा देते आणि दिव्याची काच पुसायला लागते.

संपली गोष्ट.

खांबेट्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर दुसरीच गोष्ट सुरू होत होती. त्यांनी परत मागे येऊन पाहिलं.

"मधू, यातलं एक पान फाटलंय."

"नाही फाटलं, बाबा."

"मग दिवा का नाही लावला ते कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलं."

"नाही लिहिलं म्हणजे? मग लेखकाने केलं काय?"

मधुवंती हसली आणि आपलं ताट उचलून आत गेली.

साक्षीदार पहिली: लीना

सकाळी डबा भरता भरता.

"तेल होतं," खांबेटे म्हणाले. "दुपारीच भरलं होतं तिने, स्पष्ट लिहिलंय. वात नवी. हवा स्वच्छ. म्हणजे यंत्रणेत दोष नाही."

"भाजी चमचमीत केलीय, पाणी जास्त ने."

"म्हणजे मानवी चूक. पण बाई तर पक्की शिस्तीची. मग का केलं असेल तिने असं?"

"कंटाळली असेल."

"कंटाळा हे कारण होत नाही, लीना. रिपोर्टात कंटाळा लिहिता येत नाही."

"तू लिहू नकोस. पण येतो बायकांना," असं म्हणून लीनाने डब्याची कडी खाड्कन लावली. तो आवाज खांबेट्यांच्या कानात ऑफिसपर्यंत राहिला.

साक्षीदार दुसरे: श्यामराव ओक

(साक्ष अपूर्ण. लंच संपला.)

श्यामराव लेखा विभागात. ओकांच्या तीन पिढ्या कोलकात्यात गेल्या. मराठी शुद्ध, पण वाद घालायची हौस अस्सल इथली. त्यांनी मधूच्या विषयाची भानगड आणि गोष्ट ऐकली, मातीच्या भांड्यातला चहा घोट घोट संपवला आणि विचारलं, "दिवा लावायचं काम तिला दिलं कुणी?"

"कुणीच नाही. आपणहून लावायची."

"म्हणजे नेमणूक नाही! मग ठपका कशाचा ठेवता, शरदराव?"

खांबेटे चमकले. हा मुद्दा त्यांच्या नजरेतून सुटला होता. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या बिस्वासबाबूंनी खुर्ची वळवली. दिवा ही सेवा की सवय, यावर ते बोलू लागले. मग आणखी दोघे आले. एकाने भाच्याला फोन लावला, कारण भाचा कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. भाच्याने तास चालू आहे असं सांगून फोन ठेवला. सगळ्यांनी त्याला पळपुटा ठरवलं.

"आणि असला विषय मुलीला सोडायला लावताय?" श्यामराव उठता उठता म्हणाले. "अहो, आठवडाभरात तुम्ही पहिल्यांदा जेवताना पेन्शनवर बोलला नाहीत."

स्थळपाहणी

शनिवारी बापलेक ऑटोने बेहालाला, मधूच्या शाळेत निघाले. रस्ताभर खांबेटे पुस्तक उघडून बसले होते. शाळेचं फाटक मागे पडलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. मधुवंतीनेच ऑटो थांबवला. तिथून मागे चालत येताना ती गालातल्या गालात हसत राहिली.

इंग्रजीच्या सान्याल मिस साठीच्या उंबरठ्यावरच्या, बारीक, खादीची साडी. इंग्रजीत बोलायच्या, पण मध्येच एखादा बंगाली उद्गार निसटायचा.

"विषयाबद्दल बोलायचंय ना?" त्यांनी विचारलं.

"हो," खांबेटे म्हणाले. मग त्यांनी खिशातला कागद काढला. "माझ्या मते प्राथमिक जबाबदारी मिसेस क्रेलची नाही. बाई वीस वर्षं रोज ड्यूटीवर. एक सुट्टी नाही. बदली माणूस कुठाय? आजारी पडली तर काय, याचा विचार कुणी केला होता? सगळ्या होड्या एका बाईच्या खिडकीवर सोडून गाव निवांत झोपतं. जबाबदारी गावाची आहे, मॅडम. पूर्णपणे गावाची."

सान्याल मिस पुढे झुकल्या. "बाप रे! इतकी वर्षं शिकवतेय मी ही गोष्ट. बदली माणसाचा मुद्दा कुणी काढला नव्हता."

खांबेट्यांचा चेहरा खुलला. मधुवंती छताकडे बघू लागली.

"पण मग ती सकाळी त्यांना चहा का देते?" मिसनी विचारलं.

"अं?"

"रागावली असती तर दार लावून बसली असती. मधुवंतीने वर्गात याचं उत्तर दिलं. सांग ना, मधुवंती."

"नको, मिस."

"मग मी सांगते. ती म्हणाली, वीस वर्षांत त्या घरात कुणी पाऊलही टाकलं नव्हतं. दिवा दिसतोय म्हणजे बाई बरी आहे, असं सगळे धरून चालले होते. त्या सकाळी पहिल्यांदा कुणीतरी येऊन तिला विचारलं, का गं? म्हणून चहा."

खांबेट्यांनी पुस्तक उघडून शेवटचं पान काढलं. होतं. 'व्हाय,' असं गावातला एक म्हातारा दारात उभं राहून विचारतो. हा शब्द त्यांनी प्रत्येक वाचनात पाहिला होता आणि प्रत्येक वेळी ओलांडून पुढे गेले होते. साक्षीदार सोडून ते तेलाची पातळी मोजत बसले होते.

"छान," सान्याल मिस म्हणाल्या. "आता विषयाचं. मधुवंतीला साहित्य का घ्यायचंय, ते तुम्हाला पटलं नाही की काय?"

खांबेट्यांनी पुस्तक मिटलं. शेजारी मुलगी बसली होती. सगळ्या आठवड्यात त्यांनी बायकोला विचारलं होतं, श्यामरावांना विचारलं होतं, बिस्वासबाबूंच्या टेबलालाही विचारलं होतं. आणि ते सगळं मिसेस क्रेलबद्दल.

"मॅडम," ते म्हणाले, "चौकशीत एक त्रुटी राहिलीय. जरा वेळ द्या."

राहिलेली साक्ष

शाळेच्या मागच्या मैदानात, बास्केटबॉलच्या खांबाखाली.

"का घ्यायचंय तुला साहित्य?"

"आत्ता विचारतोयस?"

"हो. उशीर झाला, ते मान्य आहे."

मधुवंतीने बुटाने माती उकरली. "हसायचं नाही."

"नाही."

"बिलासपूरला माझी हिंदी नीट यायला लागली तेव्हा तुझी बदली झाली. इथे बंगालीत चुकले की मुली हसतात. पुण्याला गेलं की मराठीवरून आत्या हसते. बाकीच्या विषयांत उत्तर ठरलेलं असतं, आणि ते माझ्या आधी सगळ्यांना माहीत असतं. मिसच्या तासाला ते कुणालाच माहीत नसतं. मला असं वाटतं, म्हणायचं आणि पुस्तकातलं दाखवायचं. बास." ती थांबली. "तिथे मी नवीन नसते, बाबा."

 बदल्यांचे सगळे आदेश त्यांनी पेढे वाटून साजरे केले होते. बढती होती ना प्रत्येक वेळी.

"आणि नोकरीचं काय?" त्यांनी सवयीने विचारलं.

"साक्षीदारावर दबाव आणतोयस."

"प्रश्न मागे घेतो."

निष्कर्ष

"काय ठरलं?" दार उघडताच लीनाने विचारलं.

"गावाने बदली माणूस द्यायला हवा होता," खांबेटे चपला काढत म्हणाले. "पण ती चहा देते, हे मला आधी दिसलंच नव्हतं."

"अरे, मधूचं काय ठरलं?"

"ती साहित्य घेतेय. सांगून आलो."

"तू?" लीना बघतच राहिली. "कॉम्प्युटर, कॉम्प्युटर म्हणून डोकं खाल्लंस ते? का रे, असं काय झालं?"

खांबेटे सांगणार होते. एका वाक्यात सांगता आलं असतं, जिभेवर आलंही होतं. पण ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं, तिघांचं.

"ते तू तिला विचार," आतून ते म्हणाले. "आणि तुझा तो कंटाळा, लीना. त्याबद्दलही मला जरा विचारायचंय."