तळघरातला लेसर

मित्रांनो, मी वयाने जुना झालेला एक लेसर आहे. बेळगावच्या एका कॉलेजच्या तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत, मला पोलादी टेबलाला स्क्रूंनी जखडले आहे. माझा जन्मच कोंडलेला. माझ्या पोटात समोरासमोर दोन आरसे आहेत आणि माझा प्रकाश त्यांच्यामध्ये सारखा धडका देत फिरतो. त्यातला इवलासा भाग बाहेर निसटतो, तेवढीच माझी सुटका.

कारखान्यातून मी पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे पाहुणे मला मुद्दाम बघायला यायचे. नवे यंत्र आले आणि माझ्यावर चादर पडली. मग मला ट्रकमध्ये चढवून इकडे धाडले. राज्याच्या सीमेवर, कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसाने ताडपत्री उचलून विचारले, "ह्येच्यात काय हाय रं?" ड्रायव्हर म्हणाला, "उजेडाचं मशीन हाय म्हणं, सायेब." त्यानंतर मी ऊन पाहिले नाही.

इथे मला नीलम भेटली. ती निपाणीची. आई यल्लव्वाने तंबाखूच्या वखारीत राबून तिला शिकवले. नीलमने स्वतःच्या हाताने हिरवे स्फटिक तयार केले होते. त्यांच्या रेणूंतले काही इलेक्ट्रॉन इवल्या चुंबकांसारखे वागतात. त्या गुणाला स्पिन म्हणतात. नीलमला तो स्पिन नुसत्या प्रकाशाने हवा तसा वळवायचा होता. पापणी लवण्याच्या कितीतरी आधी संपणारा प्रकाशाचा ठोका मी मारायचा आणि संगणकावरची सरळ रेघ वाकते का, ते तिने बघायचे. रेघ वाकली म्हणजे स्पिन वळला. उष्णतेने स्पिन भरकटतो, म्हणून स्फटिक द्रवरूप नायट्रोजनने गार ठेवलेला असे. कित्येक महिने ती रेघ जागची हलली नाही.

खोलीच्या लोखंडी दाराची आतली मूठ मोडली होती. दार बाहेरून उघडता यायचे, आतून नाही. नीलमने कितीदा तरी सांगितले, पण "बघूया" यापलीकडे काही झाले नाही. म्हणून सगळे जण दारात वीट अडकवून ठेवत. एका दुपारी दाराच्या फटीतून येणारा जिन्यातला उजेड मोजणी बिघडवत होता. मैत्रीण रचना डबा घेऊन येणारच होती. नीलमने वीट काढली.

थोड्या वेळाने वीज गेली. बॅटरीवर मी आणि संगणक चालू राहिलो, हवा बाहेर फेकणारा पंखा मात्र थांबला. नायट्रोजनच्या टाकीची नळी कुठेतरी गळत होती. त्या वायूला वास नाही, रंग नाही, पण तो कोंडला की खोलीतला प्राणवायू कमी होत जातो. आणि नेमकी तेव्हाच रेघ वाकली.

"वळला! आगं बाई, वळला की!" नीलम एकटीच ओरडली. आनंदाच्या भरात ती पुन्हा पुन्हा ठोके देत राहिली. डोके हलके होत होते, ते तिला आनंदामुळेच वाटले. हातातली पेन्सिल पडली, ती उचलायला वाकली, तर पाय उठेनात. तेव्हा तिला बर्फाने पांढरी पडलेली नळी दिसली.

कशीबशी दारापाशी जाऊन तिने मुठी आपटल्या. फोनला रेंज नव्हती. मी जागच्या जागी गुणगुणत होतो. इलेक्ट्रॉनला वळवणारा मी, मला ते दार तसूभरही हलवता येईना.

टेबल धरून ती माझ्याकडे आली. मी चालू असलो की दाराबाहेर माझ्याच बॅटरीवर लाल दिवा लागतो. तिने माझी किल्ली फिरवली. बंद. चालू. पुन्हा बंद.

बाहेर रचना नुकतीच येऊन पायरीवर बसली होती. लाल दिवा असताना आत यायचे नाही, डोळे जातात, हा इथला नियम. दिवा विझला तशी ती उठली. लागला तशी बसली. परत विझला.

"नीलम, काय चाललंय गं? येऊ का नको?"

नीलमचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. तिने किल्ली बंद केली आणि तिचा हात घसरला.

रचनाने दार उघडले. "आगं आई गं!" तिने डबा दारात अडकवला, श्वास रोखला आणि नीलमच्या काखेत हात घालून तिला फरफटत बाहेर ओढले.

नीलम वाचली. खोलीला मात्र चौकशीसाठी कुलूप लागले. माझ्या आरशांवर धूळ बसली. मला फक्त वरच्या मजल्यावरची पावले ऐकू यायची. पुढे मूठ बसवली, पंखा बदलला, प्राणवायू कमी झाला की ओरडणारी घंटा लावली. नीलम शेवटच्या पायरीपर्यंत यायची आणि परत फिरायची.

एक दिवस यल्लव्वा तिच्याबरोबर आली. तिने स्टूल ओढून दारातच बसकण मारली.

"आमच्या वखारीतबी दारं लावून घ्यायचे," ती म्हणाली. "नाकातोंडात धूळ जायची. कोण कधी पडंल, पत्ता न्हाय. आमी बाया एकमेकींस्नी हाका मारत ऱ्हायचो. तू कर तुजं काम. मी हाय हितं."

नीलम आत आली आणि तिने मला चालू केले.

"नीलम गं!"

"हं, आई."

माझे ठोके पडत होते. जरा वेळाने यल्लव्वाने पुन्हा हाक मारली. उत्तर आले नाही. ती स्टूल लाथाडून आत धावली. नीलम वाकलेल्या रेघेसमोर उभी होती आणि हुंदक्यांमुळे तिला बोलता येत नव्हते.

"हाकंला ओ दे की गं!" म्हणत यल्लव्वाने तिला एक धपाटा घातला आणि पोटाशी धरले.

मित्रांनो, मी या पेटीतच जन्मलो आणि इथेच विझेन. मला त्याचे फार वाटत नाही. पण बंद दाराआड कुणी एकटे काम करत असेल, तर त्याला हाक मारा. आणि ओ येईपर्यंत तिथून हलू नका.